आठ दिशांची नेत्रपल्लवी

म्हैसूरच्या रिक्षावाल्याला ‘अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था’ असं भारदस्त नाव सांगितलंत तर तो दोनदा विचारेल. ‘स्पीच अँड हिअरिंग’ म्हणा, मानसगंगोत्रीत नेऊन सोडतो. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडची माणसं लेकरू कडेवर घेऊन इथे येतात, कारण गावाकडच्या डॉक्टरांनी ‘एकदा म्हैसूरला दाखवा’ म्हणून सांगितलेलं असतं. मीही बेळगावचीच, मराठी घरातली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस शिकायला इथे आले, लग्न इथेच झालं आणि स्पीच थेरपिस्ट म्हणून सगळी नोकरीही याच शहरात झाली.

ही संस्था १९६५ साली सुरू झाली. जागा जयचामराज वडियार महाराजांनी दिली आणि १९६६ साली कोनशिला बसवली ती राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी. त्यांना हे शहर परकं नव्हतं. १९१८ ते १९२१ ते इथेच तत्त्वज्ञान शिकवत होते. पुढे १९६९ साली याच परिसरात केंद्रीय भारतीय भाषा संस्था आली. म्हणजे भाषांचा अभ्यास करणारी देशातली मोठी संस्था आणि वाचेवर उपचार करणारी मोठी संस्था, दोन्ही कुक्करहळ्ळी तळ्याच्या आसपास, पायी जाण्याच्या अंतरावर. या दोन्ही विषयांच्या मध्ये एक माणूस मात्र बराच काळ राहून गेला. त्याची भाषा शाबूत आहे, बुद्धी लख्ख आहे, पण जीभ हलत नाही आणि लिहायला हात उचलत नाही. त्याच्याजवळ फक्त डोळे उरलेले असतात. अशा डोळ्यांनी बोलण्याला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक धागा आपल्या वर्णमालेतून जातो.

डोळेच का उरतात, ते आधी सांगते. एएलएस हा मोटर न्यूरॉन डिसीजचा सर्वांत परिचित प्रकार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी यात हळूहळू मरत जातात. हात जातात, पाय जातात, जीभ लुळी पडते, पुढे गिळणं आणि श्वासही अवघड होतो. डोळे फिरवणाऱ्या पेशी मात्र बहुधा फार उशिरापर्यंत तग धरतात. दुसरं कारण पक्षाघाताचं. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात रक्तपुरवठा तुटला तर हातपाय, चेहरा, जीभ सगळं एकदम बंद पडतं. पण नजर वर-खाली नेणारी केंद्रं त्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे तेवढी हालचाल आणि पापणीची उघडझाप वाचते. म्हैसूरला कोनशिला बसली त्याच १९६६ साली प्लम आणि पोझ्नर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टांनी या अवस्थेला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ हे नाव दिलं. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांतही हात आणि जीभ ताब्यात नसतात, नजर मात्र बऱ्यापैकी ताब्यात असते.

वैद्यकाने नाव द्यायच्या शंभराहून अधिक वर्षं आधी कादंबरीकाराने हा माणूस पाहिला होता. अलेक्झांडर द्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या १८४४ ते १८४६ दरम्यान क्रमशः छापल्या गेलेल्या कादंबरीत नोआर्तिए नावाचा म्हातारा आहे. पक्षाघाताने तो खुर्चीला खिळलाय. डोळे मिटले की होकार, पुष्कळदा उघडमीट केली की नकार. नात अक्षरं म्हणत जाते, तो अक्षर आलं की थांबवतो, मग ती शब्दकोश उघडून रकान्यावरून बोट फिरवते. एवढ्या सामग्रीवर तो म्हातारा घरातली लग्नं मोडतो आणि मृत्युपत्र बदलतो! १९९५ साली पॅरिसच्या झाँ-दोमिनिक बोबी या संपादकाला खरोखरच तसा पक्षाघात झाला. त्याची फक्त डावी पापणी उरली होती. समोरची व्यक्ती फ्रेंच अक्षरं त्यांच्या वापराच्या क्रमाने म्हणायची, म्हणजे आधी ई, मग एस, मग ए. हवं ते अक्षर आलं की बोबी पापणी मिटायचा. अशा रीतीने सांगितलेलं त्याचं पुस्तक मार्च १९९७ मध्ये निघालं आणि काही दिवसांतच तो गेला. दीडशे वर्षांत साधन जवळपास तेच राहिलं होतं: एक डोळा, आणि अक्षरं म्हणायला तयार असलेलं दुसरं माणूस.

प्रयोगशाळांतला इतिहास याच्या समांतर चालला, पण त्यांचं लक्ष रुग्णाकडे नव्हतं, वाचणाऱ्याकडे होतं. १८७९च्या सुमारास पॅरिसच्या एमिल जावाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत दिसून आलं, की ओळ वाचताना नजर सरळ घसरत जात नाही. उडी मारते, क्षणभर थांबते, पुन्हा उडी मारते. हेच जावाल पुढे काचबिंदूने पूर्ण आंधळे झाले. १८९८ साली अमेरिकेत एडमंड ह्युई यांनी या उड्या कागदावर उतरवल्या. त्यांची पद्धत ऐकूनच अंगावर काटा येतो. डोळा कोकेनने बधिर करायचा, बुबुळावर प्लॅस्टरची भोक पाडलेली छोटी वाटी बसवायची, तिला ॲल्युमिनियमची काडी जोडायची आणि त्या काडीने काजळी धरलेल्या फिरत्या रुळावर रेघ ओढायची. १९०१ साली डॉज आणि क्लाइन यांनी ही छळवणूक संपवली. डोळ्यावर प्रकाश सोडायचा आणि बुबुळावरून उलटलेल्या ठिपक्याचा फोटो सरकत्या काचेवर घ्यायचा. डोळ्याला स्पर्श करायची गरजच उरली नाही. आजचं लाखांचं यंत्र त्याच ठिपक्यावर चालतं.

आता आपल्याकडचं. वात्स्यायनाने चौसष्ट कला मोजल्या आहेत, त्यांत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ अशी एक कला येते, म्हणजे बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगणं. जुनी माणसं करपल्लवी आणि नेत्रपल्लवी म्हणतात ती याच घराण्यातली. करपल्लवीची एक रीत हिंदी पद्यातून चालत आली आहे. नागफण्याची खूण केली की स्वर, कमळाची केली की कवर्ग, चक्राची केली की चवर्ग, धनुष्याच्या टणत्काराची केली की टवर्ग, झाडाची तवर्गाला, पालवीची पवर्गाला, आणि आणखी दोन खुणा य-र-ल-व आणि श-ष-स-ह यांना. वर्ग कळला की बोटं दाखवायची; तीन बोटं म्हणजे तिसरं अक्षर. मात्रेसाठी चुटक्या. म्हणजे आठ गट, आणि गटात क्रमांक. दोन खुणांत एक अक्षर.

अमेरिकेत १९७०च्या दशकात ‘इ-ट्रॅन’ नावाची पारदर्शक पाटी निघाली. तिचा आराखडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ही करपल्लवीच दिसली. काचेसारखी ॲक्रिलिकची पाटी, मधोमध भोक, कडेने आठ जागा: वर तीन, खाली तीन, दोन बाजूंना दोन. प्रत्येक जागी अक्षरांचा एक पुंजका. रुग्ण आणि ऐकणारा समोरासमोर बसतात, पाटी दोघांच्या मध्ये धरायची. रुग्ण आधी पुंजक्याकडे बघतो, मग त्यातल्या अक्षराचा क्रमांक ज्या जागेला आहे तिकडे. ऐकणारा भोकातून त्याची नजर टिपतो. इंग्रजीत सव्वीस अक्षरांचे गट करायला काही अंगचा आधार नाही, कुठून तरी तोडायचे आणि रुग्णाला ते पाठ करायला लावायचे. आपल्याकडे हे काम व्याकरणकारांनी फार पूर्वीच करून ठेवलंय. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ या क्रमाने पाच पंक्ती, प्रत्येकीत पाच व्यंजनं. उरलेल्यांचे दोन गट. आठवा गट स्वरांचा. पहिलीतल्या मुलालाही ‘त थ द ध न’ म्हणताना विचार करावा लागत नाही. ही पाटी आपल्या माणसाला शिकवावी लागत नाही, फक्त समोर धरावी लागते.

ॲक्रिलिक आणायला मी सयाजीराव रोडवर गेले होते. बडोद्याच्या महाराजांच्या नावाचा हा रस्ता, देवराज मार्केटला लागून. नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या करणारे त्या भागात असत. मधे हात जाईल एवढं भोक कशाला, हे त्या पाटीवाल्याला काही केल्या पटेना. ‘नाव कुठे लिहू?’ एवढंच तो विचारत राहिला.

ती पाटी होती चामुंडीपुरमच्या एका मराठी आजोबांसाठी. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, एएलएस झालेला, बोलणं संपत आलेलं. घरात तीन-चार पिढ्यांपूर्वीची मराठी बोलत, पण शाळा सगळ्यांची कन्नड. देवनागरी कुणालाच सरसर वाचता येत नव्हती. मग पाटीवर अक्षरं कन्नड लिपीतली आणि त्यांतून बोलणं मराठी. काही अडलं नाही. वर्ग तेच, क्रम तोच, ळसुद्धा हजर. चमच्यातला च आणि चहातला च वेगळे दाखवता येत नव्हते, पण ते देवनागरीतही एकाच अक्षराने लिहितो ना आपण.

पहिल्या पाटीवर वेळ वाचावा म्हणून मात्रा वगळून चालू, असं घरच्यांचंच मत पडलं. आजोबांनी तवर्गाकडे पाहिलं, मग तीनकडे: द. मग य-र-ल-व कडे, मग चारकडे: व. सूनबाई लगेच म्हणाल्या, “देव? मामंजी, देवाचा फोटो आणू?” आजोबांनी डोळे वर नेले. वर म्हणजे नाही, असं ठरलं होतं. “दवा? औषध हवंय?” पुन्हा वर. सूनबाई रडकुंडीला आल्या आणि आजोबांची नजर पुन्हा पुन्हा छताकडे. तो नकार नव्हता. वरची ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येत होती. त्यांना दिवा बंद करायला सांगायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून स्वरांचा गट मात्रांसाठीही वापरायचा ठरला: अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ओ अशा आठ जागा, ऐ आणि औ शेजाऱ्यांत सामावून घेतलेले. ‘नाही’साठी वरचा कोपरा सोडून दोन वेळा पापणी मिटायची असं ठरलं. ‘दिवा’ म्हणायला आता आठ नजरा लागत, पण नेमकं कळे. पुढे आजोबा त्या पाटीवर सुनेला आमटीत गूळ जास्त पडल्याचंही सांगू लागले.

आमच्या पिढीत एक समज सगळीकडेच होता: पाटी हाती दिली की पेशंट बोलायचा प्रयत्न सोडेल. आईबापही हेच म्हणत. अनुभव आणि पुढचं संशोधन याच्या उलट निघालं. सांगता येऊ लागलं की उरलीसुरली वाचाही माणूस जास्त वापरतो. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी आपल्या मुलीच्या, मालिनीच्या निमित्ताने स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, तेव्हापासून हा समज आपल्याकडे मोडू लागला. मालिनी चिब यांनी पुढे एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. ज्याला तेवढं एक बोटही नाही त्याची पाळी मात्र यंत्रं आल्यावरच आली.

यंत्राचं काम समजायला अवघड नाही. पडद्याखालच्या पट्टीतून डोळ्यांवर अवरक्त प्रकाश पडतो, आपल्याला तो दिसत नाही. कॅमेरा बुबुळावर चमकणारा ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांतलं अंतर मोजतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका जवळपास जागच्या जागी राहतो. या फरकावरून नजर पडद्यावर कुठे पडली ते निघतं. आधी पाच किंवा नऊ ठिपक्यांकडे बघायला लावून यंत्राला त्या माणसाच्या डोळ्याची ओळख करून द्यायची. मग अक्षरावर अर्धा ते एक सेकंद नजर ठरली की ते उमटतं. यात एक पेच आहे. डोळा बघण्यासाठी असतो आणि इथे त्यानेच बटणही दाबायचं. नुसतं बघितलं तरी उमटतं. थांबण्याचा वेळ कमी केला तर नको ती अक्षरं पडतात, वाढवला तर पेशंट थकतो. १९९०च्या सुमारास रॉबर्ट जेकब या संशोधकाने याला मिडास राजाच्या स्पर्शाची उपमा दिली, आणि ती रूढ झाली.

१९८०च्या दशकात अमेरिकेत अशी पहिली यंत्रं रुग्णांपर्यंत पोचली. व्हर्जिनिया विद्यापीठात हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेलं ‘एरिका’ त्यांतलं एक. २००१ साली स्टॉकहोममध्ये टोबी कंपनी निघाली आणि पुढे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव झाली. त्याच वर्षी जानेवारीत स्टीफन हॉकिंग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या परिषदेसाठी आले होते आणि त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस मुंबईतच झाला. ‘हॉकिंगसारखं मशीन द्या’ ही मागणी त्यानंतर मी कितीदा ऐकली. हॉकिंग तेव्हा हातातल्या बटणाने शब्द निवडत. पुढे हात गेल्यावर गालाच्या हालचालीने. नजरेचं यंत्रही त्यांच्यासाठी करून पाहिलं गेलं, पण पापण्या खाली ओघळत असल्याने ते जमलं नाही. एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडतंच असं नाही, हे घरच्यांना पटवायला हॉकिंगचाच दाखला मी देत आले.

म्हैसूरच्या घरांत या यंत्रांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. पेशंटला उजेडाची हौस म्हणून पलंग खिडकीजवळ, आणि उन्हातल्या अवरक्त किरणांनी कॅमेरा आंधळा. बायफोकल चष्म्याच्या रेघेवर भलताच ठिपका. उशी बदलली की मान दोन बोटं सरकते, नऊ ठिपके पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला मराठी आवाजही नव्हता. मराठी मजकूर हिंदीच्या सुरात बाहेर पडायचा आणि घरात हशा पिकायचा. किंमत काही लाख रुपये. एवढं करून वेग मिनिटाला पाच-दहा शब्द, फार सराव असला तर वीसपर्यंत. आपण बोलतो ते सव्वाशे-दीडशेच्या घरात.

गेल्या पंधरा वर्षांत चित्र बरंच पालटलं. चेन्नईत अजित नारायणन यांनी विद्या सागर या संस्थेच्या मुलांबरोबर काम करत ‘आवाज’ तयार केलं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागातून ‘जेलो’ आलं, ते मराठीतही आहे. दोन्ही प्रामुख्याने चित्रांवर बोट ठेवून बोलण्यासाठी. नजरेच्या बाबतीत आमच्या शेजारच्या बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिस्वास यांच्या गटाने विद्या सागरच्याच सेरेब्रल पाल्सी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नजरेवर चालणारा यंत्रहात केला. मुलं त्याने कापडावर ठसे उमटवू लागली. २०१५ साली ‘ऑप्टिकी’ हा फुकट प्रोग्राम निघाला, जो गेम खेळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त पट्टीवरही चालतो. २०१७ साली विंडोजमध्ये आणि २०२४ साली आयफोनमध्ये नजरेची सोय थेट आली.

वेग वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पुढचा शब्द ओळखणं, आणि त्यासाठी भाषेचा मोठा साठा लागतो. १९८०च्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. शास्त्री यांनी दहा लाख शब्दांचा संग्रह पुरा केला, पण तो भारतीय इंग्रजीचा होता. मराठीचा संग्रह १९९०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाला. मोबाइल आज ‘अभिनंदन’ दोन अक्षरांत ओळखतो तो असल्याच साठ्यांच्या जोरावर. पण पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत ‘कूस बदल’, ‘कफ काढ’, ‘नाक खाजतंय’, ‘पंखा कमी कर’ ही वाक्यं कितीशी सापडणार? अंथरुणावरच्या माणसाचं मराठी कुणी मोजलेलं नाही. ते प्रत्येक घराला आपलं आपणच लिहून काढावं लागतं.

कायदा आता आपल्या बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाची व्याख्या करताना पर्यायी आणि पूरक साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय, की अडचण डोळ्यांची कधीच नव्हती. समोर बसून वाचणारा माणूस कमी पडत आला. यंत्राने त्याचं काम हलकं केलं, पण त्याला सुट्टी दिलेली नाही. वीज गेली, पट्टी बिघडली, रुग्ण आयसीयूत गेला, की पुन्हा पाटीच लागते, आणि ती धरायला कुणीतरी लागतंच.

म्हणून ज्यांच्या घरी एएलएसचं निदान झालंय त्यांना सांगते: वाचा जाण्याची वाट पाहू नका. जीभ चालते आहे तोवर त्या माणसाचा आवाज फोनवर भरून ठेवा. घरातल्यांची नावं, नेहमीच्या हाका, एखादी शिवीसुद्धा. त्याच्याकडूनच त्याच्या रोजच्या वाक्यांची यादी करून घ्या. ‘हो’ आणि ‘नाही’च्या खुणा आजच ठरवा, कागदावर लिहा आणि पलंगाच्या वर चिकटवा, म्हणजे रात्रीच्या नर्सलाही कळतील. जवळच्या पाट्या करणाऱ्याकडून हातभर ॲक्रिलिक आणा, मधे भोक पाडून घ्या, कडेने आठ वर्ग लिहा आणि घरातल्या निदान दोघांनी सराव करा. यंत्र परवडलं तर जरूर घ्या. पण पाटी आधी करा.